चिरकायला जागा

लिफ्टचं दार तिसऱ्या मजल्यावर उघडताना चिरकलं आणि दादाच्या काळजात चर्र झालं. झालं एवढंच. बाकी मंगळवारची सकाळ रोजच्यासारखीच होती. लिफ्टमध्ये तो, फरशीचे नमुने छातीशी धरून उभा असलेला एक माणूस, आणि छताच्या जाळीतून झिरपणारं क्लॅरिनेट. ऑफिसच्या इमारतीत ही लिफ्ट गेल्याच आठवड्यात बसली होती आणि तिच्यासोबत हे संगीतही आलं होतं. पहिल्या मजल्यापर्यंत दादाचं लक्ष नव्हतं. दुसऱ्याला त्याने ओळखलं, अरे, हे तर आपलंच. त्याने वाजवलेलं नव्हे, त्याने घडवलेलं. त्याच्या प्रोग्रॅममधून कुणीतरी काढून घेतलेले सूर, गुळगुळीत, एका मापाचे, कुठे खरचटलेले नाहीत. आपला फोटो परक्या माणसाच्या पाकिटात सापडावा तसं त्याला झालं. फरशीवाल्याने जांभई दिली. "बरं असतं हे," तो म्हणाला, "कान द्यावा लागत नाही." आणि तेवढ्यात दार चिरकलं. रबराची पट्टी पत्र्याला घासली असेल. पण तो आवाज क्लॅरिनेटच्या सुरापासून वर उडी मारून नेमका अशा जागी बसला, की दादाला त्या आवाजाचं वय कळलं. अकरा वर्षं. दोन वेण्या, बाजूचा एक दात पडलेला, आणि न्हाणीघराचं दार आतून बंद. फरशीवाल्याने मान वर करून दाराकडे पाहिलं. क्लॅरिनेटला जांभई आणि दाराला मान, हे दादाने टिपलं, आणि आपला मजला आला तरी तो उतरला नाही. पार वरपर्यंत जाऊन परत खाली आला. दार मात्र पुन्हा चिरकलं नाही.

न्हाणीघरात असायची ती त्याची धाकटी बहीण. नाव तिला चांगलं होतं, पण क्लॅरिनेट हातात आल्यापासून पहिले सहा महिने त्यातून जे काही बाहेर पडलं त्यावरून सगळे तिला चिमणी म्हणायला लागले, आणि आज बेचाळिसाव्या वर्षीही ती चिमणीच होती. नुसतं चिव चिव. सूर धरायला जायची आणि सूर हातातून निसटून छताला जाऊन चिकटायचा. शेजारचे भिंतीवर थाप मारायचे. आई पोळपाटावरून मान न उचलता म्हणायची, "चिरकू दे. देवाला सगळे आवाज कळतात." दादाला मात्र कळायचे नाहीत. त्याला ते सोसायचेच नाहीत. तो तीन वर्षांनी मोठा. त्याचे हात म्हणजे नुसती वळवळ. घड्याळ उघड, नळाची चकती काढ, जे बिघडलं नाही तेही दुरुस्त कर. पाहुणे आले की आई त्याला खुर्चीत बसवायची आणि म्हणायची, "हात मांडीखाली घे." मग तो दोन्ही पंजे मांडीखाली दाबून बसायचा, आणि बोटं तिथेही आपली चाळवाचाळव करत राहायची. माणसाचं असंच असतं. हात मांडीखाली घेतले म्हणून खोड जात नाही, ती फक्त दबून मोठी होते. दादाची खोड पुढे पोटापाण्याला लागली. आता तिला लोक काम म्हणत.

काम सांगायला सोपं होतं. कुणाचे तरी वाजवलेले सूर साठवून ठेवायचे आणि कळ दाबली की ते ऐकवायचे, ही झाली एक तऱ्हा. दादाची तऱ्हा वेगळी. तो कॉम्प्युटरच्या पोटात नळीच उभी करायचा, लाकडाऐवजी आकड्यांची. एका टोकाला फुंक, दुसऱ्या टोकाला मोकळी हवा, मधे आकड्यांची लांब रांग. फुंकेचा धक्का या आकड्यावरून त्या आकड्यावर सरकत टोकाला पोचायचा, तिथे मोकळ्या हवेला भिडून उलटा व्हायचा आणि माघारी यायचा. आला की रीडला ढकलायचा. रीड म्हणजे वेताची ती पातळ पट्टी, जी वाजवणाऱ्याच्या खालच्या ओठावर टेकलेली असते. ती उघडायची, मिटायची, आणि त्या उघडझापीचा सूर व्हायचा. सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर वेळा हे सगळं. गेलेलं माघारी येतं आणि येताना उलटं होऊन येतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दादाने पुस्तक मिटलं होतं. त्याला वाटलं होतं, एवढी एक वजाबाकीची खूण ज्याने टोकाशी ठेवली त्याला हात जोडावेत.

आणि अशा नळीचं आपण काय केलं, तर जांभई. जागेवर बसल्या बसल्या त्याने आठ वर्षांपूर्वीची फाइल उघडली. त्याला नेमकं कुठे जायचं ते ठाऊक होतं. रीडच्या भागात, मध्यावर, चौदा ओळी. त्यांना त्याने स्वतःच नाव दिलं होतं, पहारेकरी. पहारेकऱ्याचं काम एकच. मूळ सुराच्या वर दुसरा एखादा सूर डोकं काढायला लागला की फुंक आपोआप कमी करायची. वाजवणारा कितीही चुकीचा फुंको, नळी चिरकायची नाही. वर टीप होती, "तात्पुरतं." आठ वर्षं तात्पुरतं. दादाला हसू आलं, आणि लगेच चिमणीचं वाक्य आठवलं. पंधरा दिवस ते वाक्य त्याच्या पायात काट्यासारखं होतं. चालता येत होतं, पण पाऊल पूर्ण टेकत नव्हतं.

दीड वर्षामागे एका सकाळी चिमणी चूळ भरत होती आणि पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप बाहेर आलं. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची डावी बाजू झोपलेली. डॉक्टर म्हणाले, येईल परत. आली, बहुतेक सगळी आली. पापणी आली, गाल आला. ओठाचा डावा कोपरा तेवढा आला नाही. बोलताना कळायचं नाही, हसताना किंचित. पण क्लॅरिनेट तोंडात धरलं की तिथून हवा सुटायची, फुस्स. तीस वर्षं वाजवलेलं वाद्य, शहरातल्या वाद्यवृंदात पहिली खुर्ची, शाळेत संगीताच्या बाई. आणि सगळं एका नखाएवढ्या फटीतून निघून चाललेलं. वर्षभर तिने व्यायाम केले, पेन्सिली ओठात धरल्या, मेणबत्त्या विझवल्या. मग एक दिवस डबा बंद केला. दादाने तिच्यासाठी नळी केली ती तेव्हा. प्लास्टिकची, वर रुंद चोच. तोंडाच्या उजव्या कोपऱ्यात धरली तरी चाले, ओठ घट्ट मिटावे लागत नसत. आत फुंक मोजणारा सेन्सर, अंगावर क्लॅरिनेटसारख्याच कळा, खाली उजव्या अंगठ्याला रबराची गादी, आवाज मोठा-लहान करायला. तारेने कॉम्प्युटरला जोडायची, की दादाची आकड्यांची नळी वाजू लागे. पाहताक्षणी चिमणीने तिचं बारसं केलं, "फुंकणी." पंधरा दिवसांपूर्वी अर्धा तास तिने ती वाजवली. सूर लिफ्टमधल्यासारखे, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा. मग तिने ती हळूच टेबलावर ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी.

"काय झालं?"

"काही नाही. छान आहे."

"चिमणे."

"दादा, हे माझं ऐकतच नाही रे." ती आपल्या ओठाला हात लावून बोलायची, तशी तेव्हाही बोलली. "मी चुकले तरी हे बरोबर वाजतं. मग मी कशाला हवी? फुंकायला पंखाही चालेल." आणि विषय बदलावा तसं म्हणाली, "वाद्य दुरुस्त करणाऱ्या आजोबांशी बोलून ठेवलंय. पुढच्या महिन्यात पहिल्या शनिवारी चार वाजता येऊन क्लॅरिनेट घेऊन जातील. चांगल्या हातात देतील. माझं वाजवणं झालं."

तो पहिला शनिवार आता चार दिवसांवर होता. दादाने फोन लावला. पलीकडे शाळेची मधली सुट्टी, कलकलाट.

"शनिवारी मी तीनला येतो. फुंकणी घेऊन. आजोबा यायच्या आत एकदा वाजवायचीस."

"का? नवीन रंग दिलास?"

"वाजवशील का ते सांग."

"दादा, तू मला आता शांतपणे बंद करू दे ना." मग म्हणाली, "ये. येताना जेवून ये, मी काही करणार नाहीये."

त्याने पहारेकऱ्याच्या चौदा ओळी काढल्या. इतकी वर्षं जी हिंमत झाली नव्हती ती एका बोटाने झाली. नळी सुरू केली, तर स्पीकरमधून एक कर्कश चरचराट आला आणि मग काहीच नाही. आतले आकडे वाढत वाढत असे उधळले होते की मोजायलाही उरले नाहीत. साखळी सोडली आणि कुत्रा भिंतीवर आपटून मेला. टेस्टिंगचं काम करणारी मुलगी दोन खुर्च्या पलीकडे बसायची. ती हेडफोन काढून म्हणाली, "दादा, काय कापलंत?" ऑफिसातही सगळे त्याला दादाच म्हणत. "पहारेकरी," तो म्हणाला. "मग आता चोऱ्या होणार," ती म्हणाली आणि हेडफोन चढवले. त्या दिवशी सात वेळा उधळलं. बुधवारी किती, ते त्याने मोजलं नाही. तो घरी गेला, जेवला, झोपला, सकाळी परत आला. डोकं ठिकाणावर ठेवून करायचं काम होतं ते, पेटून उठून करायचं नव्हतं. एकेक ओळ बोटाखाली धरून तो विचारत गेला, बाई गं, तू इथे का आहेस? आणि बुधवारी दुपारी त्याला दिसलं. त्याच्या रीडला वजनच नव्हतं. पहारेकरी होता म्हणून कधी लागलंच नव्हतं. आणि वजन नाही म्हणून त्या वजनाला आवरणारा ओठही त्याने कधी बसवला नव्हता. खऱ्या क्लॅरिनेटमध्ये रीड स्वतःच्या लहरीने थरथरायला बघते आणि खालचा ओठ तिला मऊपणे धरून ठेवतो, आईने हट्टी मुलाचा दंड धरावा तसा. धरणं सैल पडलं की चिरकतं. फार आवळलं की आवाजच मिटतो. या दोहोंच्या मधे जी अरुंद जागा असते तिच्यातच सगळं वाजवणं. दादाच्या नळीला सगळं होतं, ओठ नव्हता. ज्या बहिणीचा ओठ गेला तिला त्याने बिनओठाची नळी करून दिली होती, आणि वर विचारलं होतं, काय झालं?

हे कळल्यावर त्याला आठवायला नको होतं ते आठवलं. किंवा ते आठवतच होतं, आता समोर येऊन बसलं. चिमणी बारा वर्षांची, शाळाशाळांची स्पर्धा, आदल्या दिवशीची संध्याकाळ. तिची सगळ्यांत आवडती रीड डब्यात वर ठेवलेली. ती वरच्या सुरांना अजूनही मधूनच चिरकायची, आणि दादाला ठाऊक होतं की उद्या सभागृहात ती चिरकली तर त्याला खुर्चीत बसवणार नाही. त्याने बारीक पॉलिश कागद घेतला आणि रीडचं टोक घासलं. हळूहळू, प्रेमाने, जीभ दातात धरून. पांढरी भुकटी बोटांवर आली ती शाळेच्या चड्डीला पुसली. दुसऱ्या दिवशी चिमणी वाजवायला उभी राहिली. पहिला भाग नाजूक होता, तो गेला. मग जोराचा भाग आला, तिने छाती भरून फुंकलं आणि वाद्य मुकं झालं. पातळ झालेली रीड फुंकेसरशी मिटून चिकटली होती. चिरकली नाही. दादाची इच्छा पूर्ण झाली. चिमणी गाल फुगवून, डोळे मोठे करून उभी, आणि सभागृहात तिच्या नाकातल्या श्वासाचा आवाज. त्याने हे कुणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही. आईने त्या रात्री दोघांना जवळ घेतलं आणि म्हणाली, वाद्य रुसलं असेल, आणि दादाने मान डोलावली. तीस वर्षं तो मान डोलावत होता. पहारेकरी म्हणजे दुसरं काय होतं? पॉलिश कागदच तो, फक्त त्यातून भुकटी पडत नव्हती.

गुरुवारी त्याने रीडला वजन दिलं. वेताच्या खऱ्या पट्ट्या आणून, मोजून, त्यांच्या थरथरीचा वेग काढून. शुक्रवारी ओठ बसवला. तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न होता, आणि उत्तर चिमणीच्या हातातच होतं: अंगठ्याखालची गादी. तिथला दाब आता आवाज लहान-मोठा करणार नव्हता; तो रीडला धरणार होता. जेवढा अंगठा, तेवढा ओठ. संध्याकाळी पाचला त्याने फुंकणी तोंडात धरली. तो वाजवणारा नव्हे, त्याला दोन सूर येत. पहिला सूर आला आणि ताडकन चिरकला, थेट छताला. सबंध मजल्याने माना वर केल्या. टेस्टिंगवाली उठून आली.

"दादा, हे चिरकतंय. दोष म्हणून नोंदवू?"

"नोंदव."

"आणि दुरुस्ती कधीपर्यंत?"

"दुरुस्त झालंय. लिही, असंच हवं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. "परत वाजवा बरं," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. हेडफोन चढवले नाहीत. एवढं दादाने टिपलं.

शनिवारी तो तीनला पोचला. चिमणीने क्लॅरिनेटचा डबा पुसून दाराशी ठेवला होता, गावाला निघालेल्या माणसाच्या सामानासारखा. घरात बाकी कुणी नव्हतं. तिने फुंकणी हातात घेतली ती त्याचं मन राखायला, हे दिसतच होतं. त्याने तार जोडली, स्पीकर लावला आणि एवढंच सांगितलं, "अंगठा म्हणजे ओठ." तिने फुंकलं. फुस्स. काहीच नाही, अंगठा आवळला गेला होता, रीड मिटली होती. दादाला तो सभागृहातला श्वास पुन्हा ऐकू आला. तिने अंगठा सैल केला आणि फुंकणी अशी चिरकली की खिडकीवरचं पाखरू उडालं. चिमणी दचकली. तिने फुंकणी तोंडातून काढून तिच्याकडे पाहिलं, मग दादाकडे.

"हे मी केलं?"

"तू केलंस."

तिने परत धरली. चिरकलं. परत. मुकं. परत, आणि मधे कुठेतरी अर्धा सेकंद एक सूर आला, खडबडीत, कडेला फाटलेला, आणि गेला. तो गेला म्हणून ती हसली. गेलेलं तिला ओळखीचं होतं. तिने जीभ, अंगठा, फुंक एकेक करून हलवून पाहायला सुरुवात केली, आणि दादा तिच्या कपाळाकडे बघत राहिला; दोन भुवयांच्या मधे ती उभी रेघ पडली होती जी न्हाणीघरातून बाहेर येताना पडलेली असायची. चिव, फुस्स, चिव, आणि मग सूर, सलग, तीन-चार श्वास लांब, मधेच ढळतोय आणि ती त्याला अंगठ्याने परत आणतेय. सुंदर नव्हता तो. पण जांभई देण्यासारखा नव्हता.

जिन्यात काठी वाजली. आजोबा एकेक पायरी चढत होते आणि चढता चढता थांबून ऐकत होते. दारात येऊन त्यांनी धाप सावरली. "घरात कुणी नवीन शिकायला लागलंय वाटतं?"

"हो," चिमणी म्हणाली. "मी."

आजोबांनी फुंकणीकडे पाहिलं, तारेकडे, मग दाराशी ठेवलेल्या डब्याकडे. जाणता माणूस, सगळं कळायला त्यांना एक श्वास लागला. "मग हा राहू दे का आज?"

"नाही. न्या. कुणाच्या तरी ओठाला लागू दे. मला आता या कामात पुष्कळ वेळ लागणार." तिने वाकून डबा उघडला, आतल्या कप्प्यातून काहीतरी काढून घेतलं आणि डबा बंद करून आजोबांच्या हाती दिला. दादाला वाटलं होतं ती रडेल. ती नुसती डब्यावरून एकदा हात फिरवून बाजूला झाली. आजोबांनी जाताना दादाच्या खांद्यावर थोपटलं. "चिरकतं छान," म्हणाले आणि उतरले.

दार लागल्यावर तिने मूठ उघडली. तळहातावर एक रीड होती, जुनी, पिवळी पडलेली, टोकाला इतकी पातळ की पलीकडचा तळहात दिसत होता. दादाने हात पुढे केला नाही. त्याला बोलायचं होतं. तीस वर्षांचं बोलायचं होतं.

"तुझ्या चड्डीला भुकटी होती," चिमणी म्हणाली. "मी स्टेजवरून उतरले तेव्हाच दिसली. पहिल्या रांगेत बसला होतास, हात मांडीखाली घेऊन."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तू रडत होतास. मला वाटलं, याला पुरे झालं." तिने रीड त्याच्या खिशात टाकली, बटण लावलं आणि फुंकणी उचलली. "ऐक आता. वरचा सूर बघते."

वरचा सूर आला आणि चरचरत फाटला. कॉम्प्युटर समोरच होता. दादाला दिसलं, रीडचं वजन अगदी थोडं, शेकड्याला एखादं, कमी केलं तर हे फाटणं मऊ होईल. एक आकडा, एक क्षण. त्याचा हात कळफलकाकडे गेला.

"दादा," फुंकणी न काढता, ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून चिमणी म्हणाली. "हात लावू नकोस."

त्याने खुर्ची मागे ओढली, दोन्ही पंजे मांडीखाली घेतले आणि बसला. बोटं चाळवाचाळव करत होती, ती त्याने करू दिली. समोर तिने छाती भरून घेतली.